वेळ होता कुठे?

रस्त्यावरच्या अपघातातून वाचलेली माणसे पुष्कळदा सांगतात, की समोरचा ट्रक अंगावर येताना अगदी सावकाश येत असल्यासारखा दिसला. त्यावर लगेच प्रश्न येतो : ‘सगळं दिसत होतं, तर ब्रेक का नाही दाबला?’ जबाब घेताना तो येतो, उलटतपासणीत येतो, दवाखान्यात भेटायला आलेल्या नातेवाइकांच्या तोंडूनही येतो. मागे बसलेले माणूस दगावले असेल, तर वाचलेला स्वतःच स्वतःला हे विचारून पोखरून घेतो. म्हणून स्पष्ट सांगायला हवे : हा प्रश्न अन्यायाचा आहे.

क्षण लांबल्याचा हा अनुभव खोटा नव्हे. स्विस भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम स्वतः डोंगरावरून पडून वाचले होते. आल्प्समध्ये कोसळूनही जगलेल्यांची कथने जमवून त्यांनी १८९२ साली प्रसिद्ध केली. विचार भराभर धावले आणि काळ मात्र ताणला गेला, हाच सूर त्यांत होता. पण त्या माणसांना खरोखर जास्त काळ मिळाला होता का?

अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्वयंसेवकांना उंच मनोऱ्यावरून, दोरी न बांधता, पाठ खाली करून जाळीत सोडण्यात आले. ३१ मीटरांचे पडणे, सुमारे अडीच सेकंदांचे. स्वतःचे पडणे त्यांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब वाटले. पण त्यांच्या मनगटावर एक यंत्रही होते. त्यावरचे आकडे एरवी वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने लुकलुकत होते. डोळ्यांपुढचा काळ खरेच मंदावला असता, तर पडताना ते आकडे वाचता यायला हवे होते. तसे झाले नाही.

संशोधकांचा निष्कर्ष असा, की क्षण लांबतो तो आठवणीत. भीतीच्या घटकेला मेंदू बारीकसारीक तपशील गच्च नोंदवतो आणि पुढे त्या नोंदींच्या दाटीवरून वेळेचा अंदाज बांधतो. ट्रकचा रंग, काचेवरचे नाव, ड्रायव्हरचा चेहरा हे सगळे आठवते. काही करायला लागणारा वेळ मात्र हाती आलेला नसतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. एवढ्या अवधीत धोका ओळखून पाय ब्रेकवर नेणेच कठीण.

यातून दोन गोष्टी ठरतात. घाबरलेल्या साक्षीदाराने सांगितलेली वेळ पंचनाम्यात मोजमाप म्हणून धरू नये; त्यासाठी ब्रेकच्या खुणा आणि कॅमेऱ्याचे चित्रण पाहावे. आणि ती वेळ चुकली, म्हणून त्याची बाकीची साक्ष खोटी ठरवू नये. तपास अधिकाऱ्यांच्या आणि वकिलांच्या प्रशिक्षणात हे शिकवले गेले पाहिजे.

घरच्यांना तर प्रशिक्षणाचीही गरज नाही. वाचलेल्या माणसाला ‘तुला तेवढा वेळ मिळालाच नव्हता’ हे खरे आहे म्हणून सांगावे, आणि त्याला पटेपर्यंत सांगत राहावे.