अंदमानचा सूर्य आणि आमचा चौविहार



गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरचे अकराजण अंदमानला जाऊन आलो. फोटो सगळ्यांनी पाहिलेच आहेत. फोटोत जे दिसत नाही ते आज लिहिते आहे, कारण त्यातली मोठी चूक माझी आहे.

नाशिकहून निघताना तयारी अगदी जोरात होती. खाखरे, मेथीचे ठेपले, सुकी चटणी, भाजलेले मुरमुरे, दोन पिशव्या भरल्या. हॉटेलवाल्याला तीनदा फोन करून बजावलं, कांदा नाही, लसूण नाही, जमीकंद नाही. सगळं विचारलं, फक्त एक विचारलं नाही. तिथे सूर्य किती वाजता मावळतो?

पहिल्या संध्याकाळी सेल्युलर जेल पाहिलं. आपल्या भगूरच्या सावरकर बंधूंनी जिथे वर्षं काढली, त्या कोठड्यांसमोर उभं राहून मन भरून आलं. बाहेर पडून घड्याळ पाहिलं तर सव्वापाच, आणि अंधार! धाकटी सून म्हणाली, "मम्मी, नाशिकला अजून ऊन असेल, जेवून घेऊ या ना." हसून विषय संपवला आणि सगळे उपाशी झोपलो. एका रात्रीने काही बिघडत नाही.

खोलीवर गेल्यावर मी हिशोब मांडला. बी.कॉम.चं शिक्षण असं कधीतरी कामाला येतं. नाशिक साधारण ७४ रेखांशावर, पोर्ट ब्लेअर (आता श्रीविजयपुरम्) ९३ च्या जवळ. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे सव्वा तास पुढे. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. हिवाळ्यात दक्षिणेकडे दिवस आपल्यापेक्षा थोडा मोठा असतो, म्हणून संध्याकाळचा फरक तासाभराचा राहतो. नाशिकला सहाच्या जरा आधी मावळणारा सूर्य तिथे पाचच्या आतच जातो. सकाळी उलट फायदा. साडेपाचच्या आत सूर्योदय, त्यात ४८ मिनिटं मिळवली की सव्वासहाला नवकारशी. आमचे हे मात्र दुसऱ्या दिवशी सवयीने पावणेआठपर्यंत तोंड बांधून बसले होते, आणि इकडे नाश्ता संपत आला होता.

एवढा हिशोब कळल्यावर तरी शहाणपण यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही हॅवलॉक बेटावर, म्हणजे स्वराज द्वीपवर होतो. राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहायला सगळं जग येतं. मी ठरवलं, डबे बरोबर घेऊ, साडेचारला वाळूवर बसून जेवू, मग सूर्यास्त पाहू. दोन गाड्या केल्या. डबे दुसऱ्या गाडीत होते आणि ती गाडी वाटेत पंक्चर झाली.

आम्ही पाण्याकडे पाहत उभ्या. सूर्य खाली खाली. लोक मोबाइल वर करून फोटो काढताहेत आणि आम्ही रस्त्याकडे माना वळवून. गाडी आली तेव्हा सूर्य बुडून पाच मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "आता राहू द्या, पच्चक्खाण करून टाकू." सगळ्यांनी हात जोडले. माझ्या धाकट्या जाऊबाईंनीही जोडले.

जाऊबाईंना मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन घेतात. जेवण साडेचारला म्हणून त्यांनी सव्वाचारला गाडीतच सुई घेतली होती. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत.

साडेसहाला हॉटेलवर त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. मुलाने बोट टोचून पाहिलं तर साखर ४८. मी पेल्यात चार चमचे साखर विरघळवली. पेला ओठांशी नेला तर तोंड फिरवून म्हणाल्या, "भाभी, चौविहार मोडतो." ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. मी जवळजवळ जबरदस्तीने पाजलं. पंधरा मिनिटांनी परत पाहिलं, ७६. मग खाखरा आणि दूध दिलं. बेटावर आम्हाला काहीच माहीत नव्हतं, दवाखाना कुठे, रात्री वाहन मिळेल का. ती रात्र मी त्यांच्या उशाशी बसून काढली.

घरी परतल्यावर सगळ्यांचं एकच, त्यांनी सांगायला हवं होतं. मला हे पटत नाही. बोलायची सोय आम्ही ठेवली होती का? आपल्यात कुणाचा चौविहार किती वर्षं अखंड आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. माझा बावीस वर्षांचा, हे मी स्वतः किती जणींना ऐकवलं असेल! मोठी जाऊ वाळूवर उभी राहून पच्चक्खाण म्हणते आहे, दहाजण हात जोडून आहेत, तिथे धाकटीने "मला खायला हवं" कसं म्हणायचं?

स्थानकात जाऊन म.सां.समोर सगळं सांगितलं. त्यांनी रागावण्याऐवजी पाठाचा अर्थच समजावला. चौविहाराच्या पच्चक्खाणात चार आगार आहेत. नकळत झालं तर, अचानक तोंडात काही गेलं तर, मोठ्या कारणासाठी वडीलधाऱ्यांची आज्ञा असेल तर, आणि आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावं लागलं तर. इतकी वर्षं मी हा पाठ भरभर म्हणते, पण सूट त्या पाठातच आहे हे कधी मनावर घेतलं नव्हतं. ज्यांनी नियम बांधला त्यांना आजारी माणूस दिसत होता. मला दिसला नाही.

परत निघायच्या आदल्या रात्री आणखी एक प्रकार झाला. ननंदबाईंनी नातवंडांसाठी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे भरले होते. रात्री बरणीत खुडखुड आवाज. पाहतो तर एक शंख चालतो आहे! आत लहानसा खेकडा राहत होता. आपल्या जीवविचारात शंख-कवडी बेइंद्रिय जीवांत आणि प्रवाळ पृथ्वीकायात सांगितलेलं आपण पाठशाळेत घोकलेलं आहे. शिवाय प्रवाळ उचलणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात. दोघी टॉर्च घेऊन किनाऱ्यावर गेलो आणि बरणी रिकामी केली. त्याच दिवशी दुपारी भाजीत बटाट्याचा एक तुकडा निघाला म्हणून आम्ही वाढणाऱ्या पोराला केवढं बोललो होतो.

सम्मेद शिखरजीला जाणाऱ्यांसाठी सांगते, तिथेही डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. तिकिटाबरोबर त्या गावचा सूर्यास्तही लिहून घ्या.

परवा जाऊबाई माझ्याकडे आल्या होत्या. ताट वाढायच्या आधीच म्हणाल्या, "भाभी, सुई घेतली आहे हं." मी पोळ्या बाजूला ठेवल्या आणि आधी त्यांना वाढलं.