गिरण्यांची जमीन कोणी मोजली?



मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कापासून विरारपर्यंत पसरलेल्या वसाहतींत आज जी कुटुंबे राहतात, त्यांतील कित्येकांचे वाडवडील लालबाग, परळ व वरळी येथील गिरण्यांत राबलेले आहेत. त्या गिरण्यांच्या जागी आता गगनचुंबी इमारती उभ्या आहेत. ही जमीन कोणाच्या वाट्यास गेली व ती कशी मोजली गेली, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. मोजणी हे केवळ इंजिनियरांचे काम आहे असे मानून आपण स्वस्थ बसलो, आणि आपले नुकसान नेमके तेथेच झाले.

मुंबईत एके काळी ५८ गिरण्या होत्या व त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरविले की, गिरणीची जमीन विकसित करताना साधारणतः एकतृतीयांश महापालिकेस मैदानांसाठी, एकतृतीयांश म्हाडास घरांसाठी व उरलेली मालकास मिळावी. २००१ साली हा नियम बदलला. वाटणी केवळ ‘मोकळ्या’ जमिनीची व्हावयाची, आणि शेड पाडून मोकळी होणारी जमीन तीत धरावयाची नाही, असे ठरले.

याचा अर्थ उदाहरणाने पाहावा. समजा, एक गिरणी तीस एकरांची आहे व तिच्यातील सत्तावीस एकर शेडांनी व्यापले आहेत. जुन्या नियमाने घरांसाठी सुमारे दहा एकर मिळाले असते. नव्या नियमाने जेमतेम एक एकर. भूकरमापकाने साखळी धरली ती त्याच आवारात आणि नकाशाही तोच राहिला. बदलली ती एका शब्दाची व्याख्या! २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने निकाल दिला, परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला.

जमिनीखालचा प्रश्न निराळाच आहे. बेटांमधील खाजणात भराव घालून जी भूमी निर्माण झाली, तिच्यावर या भागातील कित्येक गिरण्या उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी पक्का खडक लागेपर्यंत बोअर घेऊन पाहावे लागते. यंत्रांचे जुने पाये व धुराड्यांची बैठक उकरून काढावी लागते. रंगखात्याच्या व बॉयलरच्या जागची माती तपासावी लागते, कारण रंगद्रव्ये व तेल वर्षानुवर्षे तिच्यात मुरलेले असते. मालकाच्या मनोऱ्यासाठी ही तपासणी काटेकोर होते. कामगाराच्या घरासाठीही ती तितकीच काटेकोर झाली पाहिजे, असा आमचा स्पष्ट आग्रह आहे.

या जमिनीशी आपले नाते केवळ मजुरीचे नाही. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून अधिक पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्यांस प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगार एक आहेत म्हणणाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटला असल्यास नवल नाही! ज्यांना त्या खात्याचे दार बंद होते, त्यांच्या वारसांस घराचे दारही बंद राहावे काय?

२८ जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचे व किंमत साडेसात लक्ष रुपये. अर्ज मात्र सुमारे एक लक्ष ४८ हजार होते. पुढील सोडतींत काही घरे थेट पनवेलजवळच्या कोन येथे देण्यात आली. गिरणगाव आणि कोन यांतील अंतर काही कोणत्याही नियमाने कमी होत नाही.

१ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर जो कामगार हजेरीपटावर होता, तो पात्र धरला जातो. तेव्हा तिकीट क्रमांक, लाल पास, विमा कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, पगाराची पावती यांपैकी जे घरात असेल ते ट्रंकेतून आजच बाहेर काढा. धर्मांतरानंतर ज्यांनी आडनाव बदलले, त्यांच्या कागदांत गिरणीतील नाव एक व वारसाच्या दाखल्यावरील दुसरे असण्याचा संभव आहे. अशांनी राजपत्रातील नोंद अथवा प्रतिज्ञापत्र करून दोन्ही नावे जुळवून घ्यावीत. कामगार हयात नसल्यास वारसाचा दाखलाही सोबत ठेवावा.