परतीची सनद

नीटचा निकाल लागून पंधरवडा उलटला, की आपल्यापैकी पुष्कळांच्या दवाखान्यात सायंकाळचे रोगी संपता संपता एखादा पालक येऊन बसतो. त्याला प्रकृती दाखवावयाची नसते. पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढून तो टेबलावर ठेवतो आणि विचारतो, ‘डॉक्टर, मुलग्याला चीनला पाठवू काय?’ कलमांची बाग तारण ठेवून कर्ज काढण्याचा मनसुबा घरात ठरलेला असतो. हवा असतो तो आपला होकार.

‘तुमचे तुम्ही पाहा’ असे सांगून त्याला वाटेला लावणे सोपे आहे. परंतु ज्या घराच्या तीन पिढ्यांची दुखणीखुपणी आपण जाणतो, त्या घराच्या सर्वांत मोठ्या खर्चाच्या प्रसंगी आपण मौन धरणे व्यवसायधर्मास सोडून आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परदेशाकडे दृष्टी वळण्यात कमीपणा काही नाही. २०२४ साली नीट परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि देशभरातील एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. सिंधुदुर्गात २०२१ साली आणि रत्नागिरीत २०२३ साली प्रत्येकी १०० जागांची शासकीय महाविद्यालये निघाली, ही कोकणाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट झाली. तथापि तेवढ्याने ही गरज भागणारी नव्हती. मात्र जाणाऱ्यांचे पुढे काय होते, हेही पालकास सांगितले पाहिजे. बीजिंग येथील भारतीय वकिलातीने २०२२ साली काढलेल्या सूचनापत्रानुसार, २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकून आलेले ४०,४१७ विद्यार्थी भारतातील पात्रता परीक्षेस बसले आणि उत्तीर्ण झाले ६,३८७, म्हणजे शेकडा सोळाच्या आसपास. ३०० पैकी १५० गुण मिळविले की जी परीक्षा सुटते, तिथली ही गत आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की अभ्यासक्रमाची निवड प्रवेशाच्या बाजूने न करता परतीच्या बाजूने करावी. नीटची पात्रता असलीच पाहिजे; शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम पालकापुढे ठेवावेत: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा, त्यापुढील १२ महिन्यांची आंतरवासिता त्याच परदेशी संस्थेत व्हावी, त्या देशात व्यवसाय करण्याची सनद तेथील नागरिकाप्रमाणे मिळण्याजोगी असावी, आणि हे सर्व दहा वर्षांच्या मुदतीत पुरे व्हावे. परकीय विद्यार्थ्यांना इंग्रजीतून हा अभ्यासक्रम शिकविण्यास चीनच्या शिक्षण मंत्रालयाने ४५ विद्यापीठांना अनुमती दिल्याचे वकिलातीने कळविले होते आणि द्विभाषिक वर्गांना सक्त मनाई असल्याचेही बजावले होते. पुस्तिकेतील विद्यापीठ आजच्या यादीत आहे किंवा नाही, याची खातरजमा पैसे भरण्यापूर्वी व्हावी. मध्यस्थाचा शब्द हा दाखला नव्हे.

याहूनही खोल प्रश्न भाषेचा आहे. वर्ग इंग्रजीत चालला तरी रोगी इंग्रजी बोलत नाही. म्हणूनच रुग्णालयातील शिक्षणासाठी चिनी भाषेच्या चौथ्या पातळीची अट आहे आणि ही पातळी सुमारे १,२०० शब्दांची धरली जात असे. आता आपल्या बाह्यरुग्ण विभागाचे स्मरण करावे. पोटात ‘कळ’ येते, ‘मुरडा’ येतो, ‘आग’ होते, ‘चमक’ निघते, ‘ठणका’ लागतो. या पाच शब्दांतील भेद ज्याला कळला त्याचे निम्मे निदान झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते पूर्ण शिकलेले डॉक्टर म्हणून. तरीही त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, तेव्हाच ९ डिसेंबर १९४२ रोजी देह ठेवीपर्यंत त्यांच्या हातून तेथील रोग्यांची सेवा घडली. जो शिकावयास जातो त्याला ती भाषा किती अगत्याची, हे यावरून उघड आहे.

करोनाच्या काळात चीनहून परतलेला तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी काही महिने आमच्या दवाखान्यात येत असे. गावात रेंज मिळत नसल्यामुळे तो सड्यावर बसून मोबाईलवर व्याख्याने ऐके. प्लीहा वाढण्याची कारणे त्याला क्रमवार मुखोद्गत होती. हिवतापाच्या एका रोग्याचे पोट तपासावयास सांगितले, तेव्हा त्याने बोटे थेट डाव्या बरगडीखाली रुतविली. उजव्या ओटीपोटापासून प्रारंभ करावा, रोग्यास दीर्घ श्वास घ्यावयास सांगून हात स्थिर ठेवावा, आणि खाली उतरणारी प्लीहेची कड आपल्या बोटांस येऊन लागेपर्यंत थांबावे, हे त्याला कोणी दाखविलेच नव्हते. आठवड्याने दुसऱ्या एका रोग्यात ती कड त्याच्या बोटांना लागली, तेव्हा तो हात काढीना. बुद्धीत तो उणा नव्हता. त्याला रोगी मिळाला नव्हता.

तेव्हा व्यवसायबंधूंना आणि भगिनींना आमची विनंती अशी, की असा पालक आला तर त्याला अर्धा तास द्यावा, मुलालाही समोर बसवावे आणि तीन प्रश्न कागदावर लिहून द्यावेत: रोग्याला हात कोठे आणि कोणत्या वर्षी लावावयास मिळेल? त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलशील? परत येताना कोणती सनद तुझ्या हाती असेल? या तिन्हींची उत्तरे दस्तऐवजानिशी मिळाली, तर मुलाला निःशंक आशीर्वाद द्यावा. न मिळाली, तर बाग गहाण पडण्यापूर्वी ‘नको’ म्हणण्याचे धैर्य आपण दाखवावे.