पुरात उतरणाऱ्या जवानाचे आरोग्य

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांनी पात्र सोडले, तेव्हा सांगली-कोल्हापूरकरांच्या मदतीला भूदल, नौदल व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान धावून आले. त्यांचे हार घालून स्वागत झाले, भगिनींनी राख्या बांधल्या. हे योग्यच झाले. परंतु पुरातून परतल्यावर त्या जवानांच्या प्रकृतीचे पुढे काय, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

जवानांची बोट, दोर, लाइफ जॅकेट यांची तयारी आपल्याला दिसते. जवान तंदुरुस्त असतो, हेही खरे. मात्र तंदुरुस्ती निराळी आणि रोगापासून संरक्षण निराळे. पुराच्या पाण्यात गटाराची घाण, मेलेली जनावरे आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. तासन् तास भिजून कातडी मऊ पडते, पत्र्याने वा काचेने पाय कापतो आणि त्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. दंडातील ताकद त्यांना अडवू शकत नाही.

या रोगाची खरी अडचण पुढे आहे. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, क्वचित महिनाही लागतो. तोवर पूर ओसरलेला असतो आणि जवान दूरच्या छावणीत किंवा सुटीवर आपल्या गावी गेलेला असतो. ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना ही लक्षणे पाहून तेथील डॉक्टरांना साधा फ्लू वाटू शकतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात. वेळीच ओळखला तर हाच रोग साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

म्हणून माझ्या मते तयारीत औषधाची पेटीही बोटीइतकीच महत्त्वाची मानावी. धनुर्वात व विषमज्वराच्या लसी पावसाळ्यापूर्वीच पूर्ण असाव्यात. पाण्यात काम चालू असेतो डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम द्यावे. गमबूट हवेत, जखमा झाकलेल्या हव्यात आणि बाहेर येताच साबणाने अंग धुण्याची सोय हवी. परतताना प्रत्येकाच्या वैद्यकीय कागदावर ‘पुराच्या पाण्यात काम केले’ अशी तारखेसह नोंद करावी.

जवान पोहोचण्याआधी पाण्यात उडी घेतात ती गावातलीच मुले. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला गावकऱ्यांना नेणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले, हे विसरता येत नाही. लाइफ जॅकेट, लस आणि गोळी यांवर या मुलांचाही तितकाच हक्क आहे. जिल्हा प्रशासनाने त्यांची यादी मे महिन्यातच करावी.

वाचकहो, आपल्या घरातील जवान पूरग्रस्त भागातून आला आणि महिन्याभरात त्याला ताप भरला, तर मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या आणि तो पुराच्या पाण्यात उतरला होता, हे सर्वांत आधी सांगा.