छेद कुठे आहे?

नर्सिंग, बीयूएमएस, फार्मसी, फिजिओथेरपी किंवा एमबीबीएस, कुठल्याही शाखेला गेलात तरी ‘संशोधनपद्धती आणि जैवसंख्याशास्त्र’ वाट्याला येतंच. आणि आपली मुलंमुली ते पुस्तक सगळ्यात शेवटी उघडतात. मीन, मीडियन, मोडच्या व्याख्या घोकायच्या, स्टँडर्ड डेव्हिएशनचं एक गणित पाठ करायचं, पास व्हायचं आणि विसरायचं. पुढे प्रबंधाची वेळ आली की एक्सेलची फाइल पैसे घेऊन विश्लेषण करून देणाऱ्याकडे पाठवायची, सोबत निरोप: ‘सर, पी-व्हॅल्यू 0.05च्या खाली आणून द्या.’ मी हा विषय शिकवतो, त्यामुळे असे प्रबंध हातून जातात. एकात धर्माला कोड दिले होते: हिंदू 1, मुस्लिम 2, बौद्ध 3. पुढच्या पानावर धर्माची सरासरी काढलेली होती, 1.4. त्याखाली मार्गदर्शकांची सहीही होती.

हसून सोडून देता आलं असतं. पण आपण असा समाज आहोत की ज्याच्याविषयी या देशात रोज आकडे फेकले जातात. आपल्या शिकलेल्या, पांढरा कोट घातलेल्या मुलांना अंश आणि छेद यांतला फरक सांगता येऊ नये, ही चैन आपल्याला परवडणारी नाही.

एप्रिल 2020 आठवा. 18 एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रोजच्या पत्रकार परिषदेत सांगितलं गेलं की देशातल्या 14,378 रुग्णांपैकी 4,291 रुग्ण, म्हणजे 29.8 टक्के, निजामुद्दीन मरकजशी संबंधित आहेत. हा आकडा खोटा नव्हता. म्हणूनच तो धोकादायक होता. त्या आकड्यावर वाहिन्यांनी कित्येक संध्याकाळी काढल्या, भाजीवाल्यांची नावं विचारली गेली, सोसायट्यांच्या गेटवर पाट्या लागल्या.

तेव्हा विचारायला हवा होता तो प्रश्न संशोधनपद्धतीच्या पहिल्याच प्रकरणातला आहे. मरकजशी संबंधित किती लोकांची चाचणी केली, आणि बाकीच्या किती लोकांची केली? त्या दिवसांत देशभरातल्या एकूण चाचण्या काही लाखांतच होत्या. सर्वसामान्य माणसाला चाचणीसाठी लक्षणं, परदेशप्रवास किंवा रुग्णाशी संपर्क अशा अटी होत्या. मरकजला गेलेल्यांना मात्र राज्याराज्यांत शोधून काढून, लक्षणं असोत वा नसोत, तपासलं जात होतं. जिथे जास्त शोधाल तिथे जास्त सापडेल.

आकड्यांत मांडून बघा. समजा दोन वस्त्या आहेत, प्रत्येकीत 10,000 माणसं, आणि दोन्हींत शंभरातल्या एकाला लागण झालेली आहे. पहिल्या वस्तीत 5,000 जणांना तपासलं, 50 रुग्ण मिळाले. दुसरीत 200 जणांना तपासलं, 2 मिळाले. आता बातमी काय होईल? ‘शहरातले 96 टक्के रुग्ण पहिल्या वस्तीतले.’ गणित बरोबर आहे, 52 पैकी 50 म्हणजे 96 टक्केच. पण दोन्ही वस्त्यांत आजार अगदी सारखा आहे. हे समजायला एसपीएसएस लागत नाही, पाचवीचा अपूर्णांक पुरतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात हे उदाहरण पाच मिनिटांत संपतं.

पुढे 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याची शक्यता निकालात नोंदवली. आपण तो निकाल एकमेकांना पाठवून समाधान मानलं. पण एप्रिलच्या त्या आठवड्यांत आपण काय करत होतो? ‘हे षड्यंत्र आहे’ एवढंच. आपल्यात डॉक्टर होते, परिचारिका होत्या, एमपीएच झालेले होते. छेद मागणाऱ्यांचे आवाज मोजकेच होते, आणि ते बहुतेक इंग्रजीत होते.

त्याच आकडेशास्त्राने दुसरी गोष्टही मान्य करावी लागते, आणि ती आपल्याला आवडत नाही. मरकजमध्ये संसर्गाचा मोठा समूह खरोखरच तयार झाला होता. जगभर साथ पसरत असताना एका इमारतीत शेकडो माणसं दाटीने राहिली, तिथून गावोगाव गेली आणि काही जणांचे जीव गेले. ‘29.8 टक्के’ हा भेदभावाने जमवलेला आकडा होता म्हणून ती गर्दी शहाणपणाची ठरत नाही.

आकडा खरा ठेवून फसवण्याची दुसरी तऱ्हा मे 2024 मध्ये दिसली. लोकसभेची निवडणूक चालू होती आणि पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचं एक टिपण बाहेर आलं. 1950 ते 2015 या काळात लोकसंख्येतला हिंदूंचा वाटा 84.68 वरून 78.06 टक्क्यांवर आला, मुस्लिमांचा 9.84 वरून 14.09 वर गेला. मथळे आले: हिंदू 7.8 टक्क्यांनी घटले, मुस्लिम 43 टक्क्यांनी वाढले. वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी कुणाला गिळतंय. प्रत्यक्षात शंभर माणसांमागे हिंदू साधारण साडेसहाने कमी झाले आणि मुस्लिम सव्वाचारने वाढले, तेही 65 वर्षांत. लहान संख्येतली वाढ त्याच लहान संख्येने भागली की टक्केवारी फुगते. त्याच टिपणात बौद्धांचा वाटा 0.05 वरून 0.81 टक्क्यांवर गेल्याचं आहे. हाच हिशेब लावला तर ती वाढ पंधराशे टक्क्यांहून जास्त भरते. महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही त्याचं कारण ठाऊक आहे: 14 ऑक्टोबर 1956, नागपूर. पण तो मथळा कुणी केला नाही, कारण त्याने कुणी घाबरलं नसतं.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. आता घराकडे वळतो.

तुलनात्मक वाढ आणि प्रत्यक्ष वाढ यांतला हाच घोळ आपल्या घरांत दर रमजानला होतो. एपिडायर नावाचा अभ्यास 2001 साली 13 देशांत, मधुमेह असलेल्या 12,243 मुस्लिमांवर झाला आणि 2004 मध्ये ‘डायबेटिस केअर’मध्ये छापून आला. टाइप 2 मधुमेहींत रमजानच्या महिन्यात साखर गंभीररीत्या उतरण्याचं प्रमाण इतर महिन्यांच्या साडेसातपट आढळलं, टाइप 1 मध्ये 4.7 पट. आपले काही डॉक्टर एवढंच वाक्य उचलतात आणि अम्मीला दटावतात, ‘साडेसातपट धोका आहे, रोजा धरूच नका.’ दुसरीकडे मोहल्ल्यातले मौलाना म्हणतात, ‘अल्लाहवर भरवसा ठेवा, काही होत नाही.’ दोघंही मूळ आकडा सांगत नाहीत. टाइप 2 मध्ये साडेसातपट म्हणजे शंभर रुग्णांमागे महिन्याला 0.4 घटनांवरून 3 घटना. टाइप 1 मध्ये 3 वरून 14. टाइप 2 च्या बाईला ‘काही होत नाही’ म्हणणं खोटं आहे, आणि सरसकट घाबरवणंही अप्रामाणिक आहे. टाइप 1 च्या मुलासाठी मात्र शंभरात 14 हा फार मोठा आकडा आहे. तिथे 4.7 ही पट साडेसातपेक्षा लहान दिसते, पण धोका मोठा आहे. नुसती पट बघणारा विद्यार्थी इथे नेमका उलटा निष्कर्ष काढेल.

याच अभ्यासात टाइप 2 चे सुमारे 79 टक्के रुग्ण किमान 15 दिवस रोजे धरत होते. म्हणजे दटावून उपयोग होत नाही. दटावलेला रुग्ण रोजा धरतोच, फक्त डॉक्टरला सांगत नाही आणि गोळ्यांची मात्रा आणि वेळ न बदलता धरतो. ‘तुमच्यासारख्या शंभर जणांत साधारण तिघांना असं होतं, तुमचं वय आणि इन्सुलिन बघता तुम्ही त्या तिघांत असण्याची शक्यता जास्त आहे’, असं बोलू शकणारी परिचारिका आपल्या मोहल्ल्यात हवी. मराठीत किंवा दखनीत, अम्मीला कळेल असं. हा अभ्यास रुग्णांच्या आठवणीवर बेतलेला होता, तेव्हा आकडे थोडे इकडे-तिकडे असतील, हेही तिला माहीत असायला हवं.

आणि ते फॉरवर्ड. कलौंजी, हिजामा, खजूर, ‘विज्ञानाने सिद्ध केलं’. 2020 च्या उन्हाळ्यात मालेगावात कोरोनाचे रुग्ण भराभर वाढले आणि मग ओसरले. श्रेय एका काढ्याला मिळालं आणि त्याची पुडकी गावोगाव गेली. काढा वाईट होता असं मी म्हणत नाही. मला आलेल्या एकाही संदेशात काढा न घेतलेल्यांचं काय झालं ते नव्हतं, एवढंच म्हणतो. ज्या आजारातून बहुतेक लोक आपोआप बरे होतात, त्यात काहीही पाजलं तरी बहुतेक लोक बरेच होतात. तुलनेचा गट नसेल तर पाण्यालाही औषध म्हणता येतं. आयुषच्या नावाने इतर समाज हेच करतात तेव्हा आपण फिदीफिदी हसतो, आपला काढा आला की सुभानल्लाह.

आणखी एक उदाहरण देतो, कारण त्यात दोन्ही बाजूंचा मोह आहे. भारतात मुस्लिम कुटुंबं सरासरीने गरीब, आयांचं शिक्षण कमी. तरीही 1990 च्या दशकापासून 2005-06 पर्यंतच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत मुस्लिम बाळं पहिला वाढदिवस गाठण्याची शक्यता हिंदू बाळांपेक्षा जास्त दिसत होती. आपल्या एखाद्या वक्त्याच्या हाती हे लागलं तर तो दहा मिनिटं इस्लामी पाकीवर बोलेल. मायकल जेरूसो आणि डीन स्पिअर्स या अभ्यासकांनी मात्र विचारलं, आणखी काय वेगळं आहे? मुस्लिम घरांत उघड्यावर शौचाला जाण्याचं प्रमाण कमी होतं, आणि मुस्लिमांचे शेजारीही बहुधा मुस्लिमच होते. 2018 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन समाजांतल्या तफावतीचा उलगडा शेजाऱ्यांच्या संडासातून होतो. मुस्लिम शेजार असलेल्या हिंदू बाळांनाही त्याचा फायदा मिळतो. बाळ कुणाच्या घरात जन्मलं याइतकंच शेजारचा माणूस कुठे बसतो याने ठरतं. याला कन्फाउंडिंग म्हणतात. परीक्षेत त्याची व्याख्या दोन गुणांना येते.

आता तुमच्यासाठी एक काम. 2022 च्या अखेरीस गोवंडीच्या एम-पूर्व विभागात, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ आली. ‘मुस्लिम पालक लस नाकारतात’ असं एका बाजूने, ‘आम्हाला बदनाम करतात’ असं दुसऱ्या बाजूने. लस चुकण्याची कारणं अनेक असतात: नकार, मजुरी बुडण्याची भीती, गावी गेलेलं कुटुंब, आजारी मूल, न आलेली नर्सताई, हरवलेलं कार्ड. यांतलं कुठलं किती, हे सभेत ठरत नाही. सरकारी सर्वेक्षणाच्या जिल्हा फॅक्टशीटमध्ये धर्म किंवा मोहल्लानिहाय आकडे नसतात, तेव्हा तिथेही उत्तर मिळणार नाही.

ते मोजता येतं. जागतिक आरोग्य संघटनेची एक जुनी, साधी पद्धत आहे: लोकसंख्येच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकून 30 ठिकाणं निवडायची, प्रत्येक ठिकाणी 12 ते 23 महिन्यांची 7 मुलं, एकूण 210. उत्तर साधारण दहा टक्के इकडे-तिकडे धरून मिळतं. आता संघटनेने याहून काटेकोर पद्धत आणली आहे, पण एका प्रबंधाला ही पुरते. चार मैत्रिणींना तीन आठवड्यांचं काम. ओपीडीत आलेल्या पहिल्या शंभर जणांना विचारू नका, जे दवाखान्यात येतात ते लसही घेतात. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारातही फॉर्म वाटू नका, तिथे आया नसतात, आणि लसीचं कार्ड कुठल्या डब्यात आहे हे अब्बांना सहसा माहीत नसतं. कार्ड बघून लिहिलं की आठवणीवर, याचा वेगळा रकाना ठेवा. आणि दार बंद असेल तर शेजारच्या उघड्या दारात जाऊन आकडा पुरा करू नका. ती आई घरकामाला किंवा कारखान्यात गेलेली असेल, आणि तिच्याच बाळाचा डोस चुकलेला असण्याची शक्यता जास्त. ‘घरी कुणी नव्हतं’ अशी नोंद करा, आणि मगरिबनंतर परत जा.