निश्चिंतता कुणाची?

वृद्ध माणूस पडताच वर्दी देणाऱ्या उपकरणांच्या जाहिराती भाषेच्या विद्यार्थ्याने एकदा बारकाईने वाचाव्यात. त्यांतले ‘तुम्ही’ बहुधा परगावी वा परदेशी असलेल्या मुलाला उद्देशून असते. आई-वडील तिथे तृतीय पुरुषी. उपकरण अंगावर वागवायचे त्यांनी आणि निश्चिंत व्हायचे मुलांनी. आमचा आक्षेप नेमका या वाटणीला आहे.

धोका खरा आहे, हे आधी मान्य करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून मृत्यू पावतात. पडल्यावर दीर्घकाळ जमिनीवर राहणे इजेइतकेच घातक ठरू शकते. २०१८ साली ॲपलच्या मनगटी घड्याळात पडणे ओळखण्याची सोय आली. वेगाने खाली येणे, आघात आणि त्यानंतरची निश्चलता यांवरून ते अनुमान करते आणि सुमारे मिनिटभर हालचाल न दिसल्यास स्वतःहून मदतीसाठी फोन लावते. यातून कुणाचा जीव वाचत असेल, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही.

प्रश्न पुढचा आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या लोकांचा वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. पडलेल्यांपैकी ८० टक्के लोकांना निदान एकदा तरी आपले आपण उठता आले नव्हते. मदत मागण्याची बटणे अनेकांजवळ होती. तरी दीर्घकाळ पडून राहावे लागलेल्या बहुतेक प्रसंगी ती दाबली गेली नाहीत. वापरातल्या अडचणी हे एक कारण होते, तसेच स्वतंत्र राहण्याची इच्छा हेही होते. बाजाराने यावर सोपा उपाय काढला : म्हातारी माणसे बटण दाबत नाहीत ना, मग बटणाची गरजच ठेवू नका. त्या न दाबण्यात काही सांगणे असेल, हे कुणाला ऐकायचे नव्हते.

१९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’चे सामर्थ्य करुणेत आहे असे आपण वर्गात सांगतो. ते अपुरे आहे. तिथे वृद्ध स्वतः बोलतो, रंगमंच आपल्या वाणीने भरून टाकतो. जाहिरातीतल्या वृद्धाच्या वाट्याला एकही वाक्य येत नाही.

यावर ‘पूर्वी एकत्र कुटुंबात याची गरजच नव्हती’ असा गळा काढणारेही याच पापाचे धनी आहेत. माजघरातल्या म्हातारीला तिचे मत कितीदा विचारले जात होते?

म्हणून घड्याळ घेण्याआधी त्यांच्याशी बोलावे. रात्री न्हाणीघराकडे जाताना दिवा लागतो का? कमोडशेजारी धरायला दांडा आहे का? फरशी निसरडी आहे का? झोपेच्या गोळीने तोल जातो का? यांची उत्तरे पडणे टाळू शकतात. घड्याळ पडल्यानंतरच जागे होते. मग विचारावे : हे हवे आहे का, वर्दी कुणाला जावी, आणि नको तेव्हा बंद ठेवता येईल का? उत्तर ‘नको’ असे आले, तर तेही उत्तरच आहे. ते ऐकण्याची तयारी नसेल, तर आपण विकत घेतली ती आपलीच निश्चिंतता; तिला आई-वडिलांची सेवा म्हणू नये.