पुराआधीची पिशवी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही हे आकडे पाठ असतात. पण रेशनकार्ड कुठे ठेवलंय विचारा, कपाट उपसावं लागेल! जुलै 2021 मध्ये वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, वीज गेली, मोबाइल मुके झाले आणि फोनमधले नंबर फोनमध्येच राहिले.

म्हणून पुराआधीच एक पिशवी भरून ठेवावी. तिच्यात काय हवं, याच्या सरकारी पत्रकांतल्या याद्या लांबलचक असतात. आमच्या मते पहिला मान औषधांचा: रक्तदाब-मधुमेहाच्या आठवडाभराच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले सातबारा, आधार, पासबुक आणि कागदावर लिहिलेले चार नंबर. टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक. चूल न पेटवता खाता येईल असं, म्हणजे चिवडा, गूळ-शेंगदाणे. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला किमान तीन लिटर, तीन दिवसांचं. पिशवी माळ्यावर नको, दाराजवळच्या खुंटीला हवी.

गोठ्यातली जनावरं मात्र कुठल्याच पिशवीत मावत नाहीत, आणि त्यांच्यापायी माणसं घर सोडत नाहीत. जनावरांच्या छावणीची जागा ग्रामपंचायतींनी जूनआधीच जाहीर केली पाहिजे.